होयबा

टेस्टमध्ये खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी उभ्या राहणाऱ्या पायथॉनच्या मॅजिकमॉकला काहीही विचारा, तो नाही म्हणत नाही. अटीत टाकला तर खरा ठरतो, पूर्णांक मागितला तर 1 देतो. यादी समजून त्यावर लूप फिरवला, तर ती रिकामी निघते.

या रिकाम्या यादीनेच एका मुरलेल्या प्रोग्रॅमरचं काम सध्या अडवून धरलं आहे. टीममधली नवी मुलगी थकीत बिलांची एक जुनी टेस्ट वाचत होती. ‘‘सर, लूपच्या आतला सगळा कोड काढून टाकला तरी टेस्ट हिरवीच आहे,’’ ती म्हणाली. याचं कारण त्याने तिथल्या तिथे सांगितलं: मॉकने बिलं दिलीच नाहीत, म्हणून लूप एकदाही फिरला नाही. प्रश्न मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. असे आणखी किती होकार या हिरव्या रंगाखाली दडले असतील?

डेटाबेस नाही, नेटवर्क नाही, तरी शेकडो टेस्ट बघता बघता पार पडतात, याची त्याला मोठी ऐट. नव्या माणसाला तो आधी तेच दाखवतो. ती ऐट त्याने अजून सोडलेली नाही.

चूक तंत्रात नाही, असं त्याचं ठाम मत आहे. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी 2000 साली मॉक ऑब्जेक्टवर निबंध मांडला. 2004 मध्ये मॅकिनन आणि फ्रीमन यांनीच इतरांसोबत बजावलं, की मॉक करायची ती भूमिका, ऑब्जेक्ट नव्हे. आणि जो कोड आपला नाही, त्याला मॉक करू नये. मॉक हे त्यांच्यासाठी डिझाइन घडवायचं साधन होतं. आता जो तो दिसेल त्याला पॅच मारत सुटतो. 2012 मध्ये, आवृत्ती 3.3 पासून, मॉक पायथॉनच्या स्वतःच्या लायब्ररीत आला आणि पॅच मारणं फारच सोपं झालं.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनाही हा होकार नडला. तपासणीच्या मेथडचं नाव चुकलं, तर मॉक तेही मुकाट्याने स्वीकारायचा आणि टेस्ट पास व्हायची. म्हणून 3.5 मध्ये ‘असर्ट’ने सुरू होणारं अनोळखी नाव दिसलं की एरर येऊ लागली, अक्षरांची अदलाबदल झालेलं ‘अस्रेट’सुद्धा त्यात धरलं. ‘असर्ट’ गाळून उरलेलं नाव पकडायला 3.12 उजाडावं लागलं.

ऑटोस्पेक वापरा, असं सहकारी सुचवतात. तो वापरतोच. पण ऑटोस्पेक मेथडची नावं आणि आर्ग्युमेंट तपासतो. मेथड परत काय देते, हे त्याला ठाऊक नसतं. क्लासची मेथड बोलावली की हातात पुन्हा तोच होयबा.

त्यामुळे पेमेंट गेटवेसाठी त्याने आता हाताने एक छोटा फेक, म्हणजे गेटवेची साधी चालती नक्कल, लिहिला आहे. एकच टेस्ट-संच आधी या फेकवर चालतो आणि रात्री गेटवेच्या सँडबॉक्सवर. दोन्हीकडे निकाल वेगळा आला, तर सकाळी आधी फेक दुरुस्त होतो.

टाइमआउट मात्र सँडबॉक्स सांगून देत नाही. तिथे मॉक लागतोच. मॉककडून एक्सेप्शन फेकवून घ्यायचं, इतकंच काम. पण गेटवेच्या लायब्ररीने पुढच्या आवृत्तीत त्या एक्सेप्शनचा प्रकारच बदलला तर? टेस्ट हिरवीच राहील. त्या मुलीशी त्याचा वाद सध्या इथेच अडला आहे.