काळ्या मातीतली रताळी कधी काढावीत

रताळे म्हणजे वेलाचे पोसलेले मूळ. बटाट्याचे झाड दिवस भरले की पिवळे पडून वाळते. रताळ्याचा वेल मात्र ऊब आणि ओल मिळेल तोवर वाढत राहतो आणि मुळे पोसत राहतात. त्यामुळे काढणीचा दिवस लावणाऱ्यानेच ठरवावा लागतो.

कोकणातून किंवा देशावरून इंदूरला येऊन राहिलेल्या मराठी घरांची इथे हमखास गल्लत होते. इंदूरच्या सराफा बाजारात थंडीत तळून मिळणारा गराडू हा माळव्याचा लाडका कंद. तो कोनफळाच्या कुळातला. त्याचा वेल वाळला की कंद तयार झाला असे समजतात. शेजारी आपुलकीने तोच नियम रताळ्यालाही सांगतात, आणि वेल वाळायची वाट पाहता पाहता डिसेंबर उजाडतो.

खरा आधार लागवडीच्या तारखेचा, म्हणून ती लिहून ठेवावी. तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेची श्री भद्रा ही जात सुमारे 90 दिवसांत तयार होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अश्विनी साधारण साडेतीन महिन्यांत. जात ठाऊक नसेल तर 90 ते 120 दिवस धरावेत. जुलैच्या आरंभी वेलाचे तुकडे लावले, तर कार्तिकी एकादशीच्या सुमारास पहिली रताळी हाती येतात. दिवस भरत आले की बुडाजवळची पाने पिवळी पडू लागतात. मग कडेची माती हाताने उकरून एक रताळे काढावे आणि कापून थोडा वेळ हवेवर ठेवावे. कापावरचा चीक पांढराच राहून सुकला तर ते तयार आहे. हिरवट काळा पडला तर आणखी आठवडाभर थांबावे.

मात्र इंदुरात शेवटचा शब्द मातीचाच. कोकणच्या तांबड्या मातीतून पाणी लगेच निथळते. माळव्याची काळी माती ओली असता खुरप्याला चिकटते आणि वाळली की भेगाळते. त्या भेगांतून सोंड्या भुंगा थेट मुळांपर्यंत पोचतो. त्याने पोखरलेले रताळे कडू लागते, ते खाऊ नये. म्हणून दिवस भरल्यावर मातीला भेगा पडू देऊ नयेत. गरज पडल्यास हलके पाणी देऊन वापसा (चिकटही नाही, कोरडीही नाही अशी बेताची ओल) आला की लगेच काढणी उरकावी. कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 मध्ये इंदुरात वनस्पती उद्योग संस्था उभारली आणि तिथेच कंपोस्टची इंदूर पद्धत घडवली. तसले कुजलेले खत लागवडीपूर्वी वाफ्यात मिसळले असेल, तर माती भुसभुशीत राहते आणि खणताना रताळी तुटत नाहीत. नत्र फार झाले तर मात्र नुसता पाला माजतो.

दुसरी मर्यादा थंडीची. डिसेंबर-जानेवारीत इंदूरची रात्र 10 अंशांखाली उतरते आणि गार, ओल्या मातीत राहिलेली मुळे आतून खराब होतात. त्याआधी वाफा रिकामा करावा. वेल कापून, बुडापासून वीतभर दूर कुदळ घालून रताळी अलगद उचलावीत. साल फार नाजूक असते.

काढलेली रताळी धुवू नयेत. ती आठवडाभर उबदार, दमट सावलीत ठेवली की सालीवरच्या जखमा भरतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पिठाची काही प्रमाणात साखर होऊन गोडी वाढते. फ्रिजमध्ये ती बिघडतात. हवेशीर टोपलीत ठेवावीत. जखम झालेली आधी किसून उपवासाला वापरावीत. धड असलेली महाशिवरात्रीसाठी राखायची तर मधूनमधून निवडून नासकी काढून टाकावीत.