धावदोरा

गोधडीचा धावदोरा तसा सोपा. तरी आमच्या मनोविकार विभागातल्या एका मावशींनी पहिल्या दिवशी तासाभरात चारच टाके घातले. ते चार टाके मी आनंदाने नोंदवहीत लिहिले. औषधांनी त्यांच्या कानातले आवाज थांबले होते. पण उठावंसं, बोलावंसं, काही करावंसं वाटणं स्किझोफ्रेनियात आटून गेलं होतं. ते गोळीने सहसा परत येत नाही. तिथून आमचं काम सुरू होतं.

आमच्या या कामाचं नाव व्यवसायोपचार. या शब्दाने घोटाळा होतो. नातेवाईक विचारतात, ‘इथे धंदा शिकवता का?’ माणसाचा दिवस ज्या कामांनी भरतो, ती सारी आमच्या लेखी व्यवसायच: अंघोळ, स्वयंपाक, बाजारहाट, भजनसुद्धा. भारतात या विषयाचं शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, लग्नानंतर इथल्या झालेल्या. आम्हा सर्वांवर त्यांचं ऋण आहे.

उपचार म्हणून कुठलीही कला कुणालाही देऊन चालत नाही. कामात पायऱ्या किती, निर्णय किती, कुणाची मदत मागावी लागते का, हे आधी पाहावं लागतं. उन्मादाच्या भरात असलेल्या माणसापुढे सगळे रंग ओतले तर तो आणखी उधळतो. त्याला आखीव, लवकर संपणारं काम बरं. नैराश्यातल्या माणसाला आजच्या आज पुरं होईल असं काहीतरी हवं.

सुरुवातीच्या काळात पेशंट असलेल्या एका शिंपीकाकांपुढे मी चित्रं रंगवायचं पुस्तक ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं. ‘ताई, मी बालवाडीत आहे का?’ चूक माझीच होती. औषधांनी त्यांचा हात थरथरायचा, म्हणून मी सोपं काम शोधलं आणि त्यांचं कसब विसरले. मग जाड कागदावर बाह्या आखून कापण्यापासून सुरुवात केली. कापडापर्यंत पोचायला दीड महिना लागला. अजूनही सत्र संपलं की कात्र्या आणि सुया मोजूनच पेटीत जातात. कापडापर्यंत पोचलो त्या दिवशी ती मोजणी काकांनी केली.

मावशींच्या गोधडीत खरी कसोटी टाक्यांची नव्हतीच. तिसऱ्या आठवड्यात मी चिंध्यांचा ढीग पुढे ठेवून गप्प बसले. बराच वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या. मग एक हिरवा खणाचा तुकडा उचलून म्हणाल्या, ‘हा मधे.’ कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून काही निवडलं नव्हतं. पुढे त्याच बळावर त्या जेवणाच्या ताटात आणखी भाजी मागू लागल्या.

निवडण्याची ही संधी घरीही मिळायला हवी. घरी परतलेल्या अशा माणसाला दिवाळीत ‘तू बस, दमशील’ म्हणून कोपऱ्यात ठेवू नका. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या त्याला कापू द्या, कागदाचा रंगही त्यालाच निवडू द्या. वाकड्या कापल्या गेल्या तरी तशाच लावा.