आजींचा नियम

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराला १९८१ साली दोन पंथांच्या वादात कुलूप लागले. ते कळताच तेल्हाऱ्याच्या आजींनी नियम घेतला : दार उघडून दर्शन होईपर्यंत गोड वर्ज्य. पुढे घरात नातवंडांची लग्ने झाली, पणतवंडांची बारशी झाली. लाडू आजींनीच वळले. चाखला मात्र एकही नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये दार उघडले. नव्वदी ओलांडलेल्या आजींना मुलांनी खुर्चीवरून दर्शनास नेले. बाहेर येताच सुनेने गुळाचा खडा हातावर ठेवला. आजींनी तो मोडला, अर्धा शेजारी बसलेल्या दुसऱ्या पंथाच्या वृद्धेला दिला आणि मगच उरलेला तोंडात घातला.

त्याच वर्षी पर्युषणात नवकार ऐकत आजींनी देह ठेवला. घरात गोड झाले की पहिली वाटी आजही शेजारी जाते.