भापकरमधला मुका 'अ'

पुतणीचा स्पेलिंगचा अभ्यास ओसरीवर चालला होता. नाइफ लिहिताना आधी 'के' कशाला, हा तिचा सवाल. पूर्वी इंग्रज तो 'क' खरंच उच्चारत. पुढे जिभेनं तो टाकला, कागदानं ठेवला. इंग्लंडात १४७६ मध्ये छापखाना आला, स्पेलिंगं हळूहळू गोठली. स्वर मात्र बदलतच राहिले. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला 'बी' तर पंडितांनी लॅटिनच्या हौसेपोटी घुसडलेला. (कर्जात नसती भर, दुसरं काय!)

पण इंग्रजांना हसण्याआधी आपल्या गावाची पाटी वाचावी. लोणी भापकर. 'प'मध्ये 'अ' आहे, शेवटच्या 'र'मध्येही आहे. एसटीत मात्र सगळे 'भाप्कर्' म्हणूनच तिकीट मागतात. शेजारचं मोरगाव तसंच, 'मोर्गाव्'. परक्या माणसानं अक्षर न् अक्षर सुटं वाचलं, तर पारावरची मंडळी गालात हसतील. हा लपलेला 'अ' आपल्याला कुणी शिकवला नाही, म्हणून तो दिसतही नाही.

आजोबांच्या पत्रांत 'नांव', 'पांच', 'कांहीं' असायचं. न उच्चारली जाणारी ती टिंबं मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी गेली. बरंच झालं. 'पांच'च्या टिंबात 'पंच'ची खूण होती, तेवढी हळहळ वाटते.

इंग्रजीला असं महामंडळच नाही. तेव्हा पोरी, 'के' लिहावाच लागेल.