मनामा कुणाचा मामा?

विमान मुंबईहून उडालं तेव्हापासून लेकीचा एकच प्रश्न चालला होता. मनामा कुणाचा मामा? मे महिना होता, आणि मे महिन्यात माणसं मामाकडे जातात हे साडेतीन वर्षांच्या मुलीलाही पक्कं ठाऊक असतं. मी सांगून पाहिलं, की ते शहराचं नाव आहे, बहरीन देशाची राजधानी आहे, तिथे बाबा राहतात. देश आणि राजधानी तिने अळवावरच्या पाण्यासारखे ओघळू दिले. समुद्र ओलांडून होईतो माझा धीर संपला. "तुझाच मामा," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. त्या उत्तराने मला पुढचे तीन आठवडे फिरवलं.

नवऱ्याची खोली अदलियात. अदलिया हा मनामातला सगळ्यांत नटवा भाग म्हणायला हरकत नाही. तिथे पत्ता आकड्यांत सांगतात: घर क्रमांक, रस्ता क्रमांक, ब्लॉक क्रमांक. अदलियातल्या ३३८ क्रमांकाच्या ब्लॉकला तर आकडा हेच नाव चिकटलं आहे. जुन्या घरांमधून थाटलेली हॉटेलं, चित्रांची दालनं, भिंतींवर माणसाहून उंच रंगवलेले चेहरे, आणि शुक्रवार-शनिवार सुट्टी म्हणून गुरुवारी रात्री पाय ठेवायला जागा नाही, असं सगळं. आम्ही ते फार थोडं पाहिलं. बहरीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं, आणि मोठी माणसं घड्याळाचं ऐकतात, लहान पोट ऐकत नाही. पुण्यात सातला उठणारी मुलगी तिथे पहाटे साडेचारला टक्क उठून बसायची आणि संध्याकाळी सातला, म्हणजे अदलिया पावडर लावायला घेते त्या वेळेला, ताटावर पेंगायची. खोली एकच. नवऱ्याला सकाळी कामावर जायचं. तेव्हा चपला हातात घेऊन, तिच्या तोंडावर बोट ठेवून, आम्ही दोघी जिना उतरायचो.

तिथे मेमध्ये पाचच्या आत उजाडतं. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि अदलिया आधी अंदाजाने दिसायची. मग हळूहळू स्पष्ट व्हायच्या त्या साखळीने एकमेकींना बांधलेल्या खुर्च्या, कचरापेटीवर बसलेली मांजरं, रात्रीच्या हुक्क्याचा शिळा वास. पदपथावर गाड्या चढवलेल्या, त्यामुळे बाबागाडी रस्त्यातूनच ढकलावी लागे. तिच्या उंचीवरून शहराचा बराचसा भाग म्हणजे मोटारींची चाकं. आणि चाकांच्या मागून एका पहाटे एक झाडू आला.

झाडूवाला तिशी-पस्तिशीचा असेल. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, डोक्याला पंचा. बोगनवेलीची फुलं गोळा करत होता. लेक थांबली आणि सवयीने म्हणाली, "मामा, मला पण."

आपल्याकडे हे शिकवावं लागत नाही. चौकातला पोलीस ट्रॅफिकमामा, एस.टी.तला कंडक्टरमामा, सोसायटीचा वॉचमनमामा. अंगावर कामाचा गणवेश चढला की अनोळखी पुरुष आपोआप आईचा भाऊ होतो. काका होत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. काका म्हटलं की वाटणी, सातबारा आणि बांध असं बरंच काही आलंच. मामाकडे आपलं काही देणंघेणं नसतं, फक्त हट्ट असतो. (माझ्या सख्ख्या काकांनी हे वाचू नये.)

तो माणूस मात्र झाडू धरून उभाच राहिला. "मामा बोला मेरेको?" असं मला विचारलं त्याने. मला वाटलं, चुकलंच काही. तसं नव्हतं. तो बांगलादेशातल्या कुमिल्ल्याचा. बंगालीतही मामा म्हणजे मामाच, आणि त्यांच्याकडे रिक्षावाल्याला, चहावाल्याला, वाटेतल्या कुणालाही हाक मारायची तर मामा म्हणूनच मारतात. इथे त्याला भाई म्हणत, मोहम्मद म्हणत (त्याचं नाव ते नव्हतं), नाहीतर नुसतं 'ए' म्हणत. मामा त्याने गावाकडून निघाल्यावर ऐकलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तेव्हा तो उकिडवा बसला, तिला हात न लावता झाडूचा दांडा तिच्याकडे वळवला. तिने चार फुलं लोटली. त्याने आपली मुलगी फोनवर दाखवली. पाच वर्षांची. तिला त्याने कडेवर घेतलं होतं ते फक्त एका सुट्टीत.

पुढे मला ती रीत जागोजागी दिसू लागली. आधी आईकडे बघायचं. मग उकिडवं बसायचं. मुलाला शिवायचं नाही, एक बोट पुढे करायचं; मूल धरेल तर धरेल. कोल्ड स्टोअरचा मल्याळी दुकानदार (बहरीनमध्ये कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला हेच नाव आहे, मग तिथे थंड फक्त ताकाच्या बाटल्या का असेनात) गल्ल्यामागून बाहेर येऊन असाच बसला. इस्त्रीवाला असाच बसला. हे कुणी कुणाला शिकवलं असेल? नवरा म्हणाला, असले खुळचट प्रश्न फक्त तुला पडतात. पण तोच मग सांगत बसला. बायकामुलं आणायची तर पगार ठरावीक आकड्याच्या वर लागतो, तो बहुतेकांचा नसतो. देशातली निम्म्याहून जास्त माणसं बाहेरची, त्यात तीन लाखांवर आपली. आख्खा देश बृहन्मुंबईहून थोडासाच मोठा. म्हणजे मुंबईएवढ्या जागेत इतके बाप, आणि त्यांची मुलं दुसरीकडे.

आमच्या गल्लीपलीकडे तंदूरच्या रोट्यांचं दुकान होतं. भट्टीच्या भिंतीला कणकेची चकती थापायची आणि ती फुगली की लांब सळईने ओढून काढायची, हे लेक तासन्‌तास बघू शकली असती. तिथे एक म्हातारे अरब रोज येत. एक दिवस त्यांनी पैसे देताना 'रुबिया' म्हटलं आणि माझे कान टवकारले. शंभर फिल्सना तिथली माणसं अजून रुबिया म्हणतात. दिनार आला १९६५ साली. तोवर तिथे रुपयाच चालत होता, आणि १९५९ पासून तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. दहा रुपयांना एक दिनार असा बदल झाला, तेव्हा शंभर फिल्स म्हणजे बरोबर एक रुपया. रुपया गेला, नाव राहिलं. त्याआधी कित्येक वर्षं बहरीनचे मोती विकायला मुंबईत येत. त्या म्हाताऱ्या अरबांच्या घरात कुणी मोत्यांसाठी बुड्या मारल्या होत्या का, हे विचारण्याइतकं अरबी मला येत नव्हतं आणि त्यांना हिंदी चार शब्दांपुरतंच. पण त्यातला एक 'सीदा' होता. बोट दाखवून त्यांनी आम्हाला घरचा रस्ता सांगितला: सीदा, सीदा.

त्यांनी गरम रोटीचा तुकडा लेकीच्या हातात कोंबला आणि डोक्यावरून हात फिरवला, सरळ, माझ्याकडे न बघता. उकिडवे बसले नाहीत. "हा पण मामा?" तिने विचारलं. "नाही, हे आजोबा." त्यांचं गाव होतं ते, त्यांना कुणाची परवानगी लागणार होती?

बघायच्या जागांची नवऱ्याने यादी केली होती. वाळवंटातलं चारशे वर्षांचं झाड राहिलं. बाब-अल-बहरीन झालं, १९४५च्या सुमाराची ती कमान एके काळी जवळजवळ पाण्यावर होती, आता भराव घालून समुद्र लांब ढकलला आहे. मुंबई पाहिलेल्या बाईला यात नवल वाटू नये, पण "समुद्र कुठे गेला?" या प्रश्नावर मी गप्पच झाले. मागच्या बाजारातल्या श्रीनाथजींच्या मंदिरात गेलो. सिंधमधल्या ठठ्ठ्याच्या व्यापाऱ्यांनी ते १८१७मध्ये बांधलं. तिकडे पुण्यात पेशवाईची शेवटची घटका भरत होती आणि इकडे आपली माणसं बिऱ्हाड मांडून घंटा वाजवत होती. लेकीला प्रसाद आवडला. राष्ट्रीय संग्रहालयात तिला आवडली ती जमीन: दालनभर पसरलेला बहरीनचा हवाई नकाशा, त्यावरून लोक चालतात. ती देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा पळाली आणि मग मधेच फतकल मारून म्हणाली, इथे झाडूमामा राहतो. ती जागा खाडीत होती.

शेवटच्या गुरुवारी ती दुपारी झोपली, म्हणून रात्री जागी राहिली आणि आम्ही तिघं पहिल्यांदा अदलियात नटून निघालो. भिंतीवरचे चेहरे दिव्यांत खरंच देखणे दिसत होते. परतताना कोल्ड स्टोअरमध्ये दूध घ्यायला थांबलो. दुकानदाराने लेकीला नावाने हाक मारली. तिचं नाव मी त्याला सांगितलं नव्हतं. नवरा दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचण्यात फार गुंतला होता.

मग इमारतीत, लिफ्टपाशी, एक फिलिपिनो बाई उभी होती, बहुधा वरच्या मजल्यावरची. तिच्या पायाशी दीड-दोन वर्षांचा मुलगा, रडून दमलेला. नवऱ्याने दूध माझ्या हातात दिलं. आधी त्या बाईकडे बघितलं. ती हसली. मग तो उकिडवा बसला, गुडघा कट्‌कन वाजला, आणि त्याने एक बोट पुढे केलं. पोराने जरा विचार करून ते धरलं.

लेक हे सगळं बघत होती. माझा पदर ओढून तिने हळूच विचारलं, "बाबा त्याचा मामा आहे?"

लिफ्ट आली.