मनीचे बिऱ्हाड

बुधवार पेठेतील वाडा सोडला त्या दिवशी सर्वांत शेवटी बाहेर पडली ती मनी. टेम्पो पहाटेच बोलावला होता. तापकीर गल्लीतील विजेच्या सामानाची दुकाने उघडली की त्या बाजूच्या बोळांत हातगाडीसुद्धा वळत नाही. कपाटे, पितळी डबे, पुस्तकांची खोकी एकेक करून जिन्यावरून उतरत गेली आणि मनी माळ्यावरील तुळईच्या टोकाशी जाऊन बसली. आजींनी हाका मारल्या, नातीने दुधाची वाटी ठेवली. अखेर हमालांचे आवाज थांबले, खोल्या रिकाम्या झाल्या, तेव्हा ती आपणहून खाली आली.

तिला न्यावे की नाही, यावर महिनाभर घरात बोलणे चालले होते. कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचे, असे जुनी माणसे म्हणतात. आजी त्याच मताच्या. शिवाय मनीला कोणी आणलेले नव्हते. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते म्हणतात; तशा फेरीत तिची आई एका पावसाळ्यात जिन्याखालच्या अडगळीत उतरली आणि पुढच्या मुक्कामाला जाताना हे एक पिल्लू मागे राहिले. म्हणजे मनी वाड्याची होती, कुटुंबाची नव्हे. परंतु आता वाडाच पाडला जाणार होता. "मंडई जवळ आहे, तिथे सोडून द्या. पोटापुरते कुठेही मिळेल," असे शेजारच्या एका गृहस्थांनी सुचविले. आजी म्हणाल्या, "सोडायचे म्हणजे टाकायचेच ना?"

नातीने कायदा शोधून काढला. भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार गुन्हा आहे. आजींना कायद्याचे अप्रूप वाटले नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित जिवाचे अन्नपाणी रोखणे, हे त्यांना लहानपणापासून पाठ होते. दुसरी बाजूही त्या जाणून होत्या. हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त श्रावकाला वर्ज्य असलेल्या व्यवसायांत धनासाठी मांजर, कुत्रा, कोंबडा यांना पोसणे धरले आहे. मनीपासून कोणाला एका पैचे उत्पन्न नव्हते, एवढाच काय तो दिलासा.

नवे घर बिबवेवाडीत, चौथ्या मजल्यावर. मांजर कितीही उंचावरून पडले तरी चार पायांवर पडते, या समजुतीवर विसंबून मुलगा गॅलरीच्या जाळीची घाई करीत नव्हता. १९८७ साली न्यूयॉर्कमधील पशुवैद्यांनी उंच इमारतींतून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली होती. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचली, हे खरे. पण छातीला मार बसलेली आणि जबडा मोडलेली त्यांत पुष्कळ होती. नातीने ते वाचून दाखविल्यावर जाळी दोन दिवसांत बसली.

मांजराचे घर भिंतींचे नसते, वासांचे असते. त्याच्या गालांत, कपाळावर, पंजांत, शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीवर ते गाल घासते, तेव्हा ती चौकट आपली असल्याची खूण करीत असते. मनीने वाड्याच्या प्रत्येक खांबावर अशी खूण केलेली होती. बिबवेवाडीतील भिंतींना ताज्या रंगाशिवाय कसलाही वास नव्हता. पशुवैद्यांच्या सांगण्याप्रमाणे तिला पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवले, ती आजींची. तिथे आजींच्या जुन्या लुगड्याची घडी अंथरली; तीही मुद्दाम न धुता. मनी पलंगाखाली शिरली ती दोन दिवस बाहेर आली नाही. पाण्याला तोंड लावी, अन्नाला नाही. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते, असे कळल्यावर आजींचा धीर सुटला. पर्युषणात स्वतः उपवास करणाऱ्या त्या बाई रात्री पलंगाशेजारी चटई टाकून बसल्या. "उपवास समजून करायचा असतो," त्या सुनेला म्हणाल्या, "ही नुसती भ्यायली आहे."

तिसऱ्या दिवशी मनीने थोडी दूधपोळी खाल्ली. भीती ओसरली, आणि खरी अडचण त्यानंतर उभी राहिली.

वाड्यात आजी सूर्यास्तापूर्वी तिला दूधपोळी घालीत. तिचे रात्रिभोजन मात्र तिच्या स्वतःच्या अखत्यारीत होते. अडगळीत उंदीर होते आणि सकाळी कोणी कोणाला काही विचारीत नसे. चौथ्या मजल्यावरील बंद घरात ही सोय उरली नाही. पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले की मांजराला टॉरिन लागते, त्याचे शरीर ते पुरेसे तयार करीत नाही आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसतेच. ते मिळाले नाही तर दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. कारखान्यात तयार केलेले टॉरिन घातलेला शाकाहारी आहारही असतो, पण तो एकट्याने पुरेसा आहे का, यावर पशुवैद्यांत एकमत नाही. मुलाने तो आणून पाहिला. मनीने हुंगून पाठ फिरविली.

त्या संध्याकाळी घरात कोणी फारसे बोलले नाही. इतकी वर्षे जे अंधारात मनीच्या हातून घडत होते, ते आता दुकानातून विकत आणून ताटलीत वाढायचे होते. तिला घरात कोंडले होते ते त्यांनीच. शेवटी आजी म्हणाल्या, "मला दाखवू नका. पण तिला उपाशी ठेवू नका." पुडे गॅलरीतील वेगळ्या कपाटात गेले, ताटली आणि चमचा वेगळे झाले. हा मार्ग निर्दोष आहे, असे त्या घरात अजून कोणी म्हणत नाही. एकदा सून गावाला गेली असता आजींनीच, मान फिरवून, पुडा ताटलीत रिकामा केला; नंतर हात धुतले, स्नान केले आणि सामायिकाला बसल्या.

दीड-दोन महिन्यांनी नातीने त्यांना स्वारगेटहून भुयारी मेट्रोने मंडईला नेले. एकच स्थानक, पाच मिनिटेही लागली नाहीत. आजी तेथून चालत वाड्यापाशी गेल्या. भोवती पत्रे लावले होते. फटीतून मातीचा ढीग दिसत होता आणि एक तुळई आडवी पडली होती. त्या तिथे फार थांबल्या नाहीत.

घरी परतल्यावर मनी दारातील चपलांपाशी आली. त्यांना वाड्याच्या बोळातील धूळ लागली होती. तिने बराच वेळ त्यांचा वास घेतला आणि मग त्यांवर गाल घासला. सून चपला कपाटात ठेवायला वाकली, तेव्हा आजींनी तिला हातानेच थांबविले.