यवतेश्वराचा घाट, दोघांनी मिळून

हाफ मॅरेथॉन म्हणजे 21 किलोमीटर आणि वर साधारण 97 मीटर. सपाट रस्त्यावर हे अंतर सहज पळणारी माणसंही साताऱ्याच्या शर्यतीचं नाव निघालं की जरा जपून बोलतात. कारण इथली वाट शहरातून निघते, समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वराच्या घाटाला लागते, माथ्यावरून कासच्या दिशेने जाते आणि त्याच रस्त्याने खाली येते. आधी चढ, मग उतार. सपाटी म्हणाल तर नावापुरती. ‘सातारा हिल हाफ मॅरेथॉन’ 2012 साली सुरू झाली. त्याच वर्षी युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं आणि त्यात आपलं कास पठारही आलं. तेव्हापासून पावसाळा सरत आला की फुलं बघणारे आणि पळणारे, दोघांचीही या रस्त्यावर गर्दी होते.

आम्ही कराडचे. सातारा आमच्यासाठी कामाचं गाव. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, कधी सिव्हिल हॉस्पिटल. कासच्या रस्त्याने एकदाच गेलो होतो, तेही भाड्याच्या जीपमध्ये नऊ माणसं कोंबून, मुलांना उलट्या होऊ नयेत म्हणून लिंबू हुंगवत. त्याच घाटातून दोन पायांवर जायचं, हा विचार आमच्या घरात हौसेने शिरला नाही. तो एका रिपोर्टमधून शिरला.

आमच्या अम्मीला साखर. वीस वर्षं तिने ती गोळ्यांवर आणि अंदाजावर सांभाळली. आधी एक बोट गेलं, मग घोट्यापर्यंत पाय. हजसाठी पै-पै जमवून ती गेली तेव्हा सफा-मरवाच्या फेऱ्या तिने व्हीलचेअरवर पूर्ण केल्या. अल्लाहने कबूल केल्या असतील, यात शंका नाही. पण परत आल्यावर ती हजविषयी सगळं सांगायची आणि सईपाशी आली की गप्प व्हायची. गेल्या वर्षी आमची तीन महिन्यांची सरासरी साखर 6.3 आली. डॉक्टरांनी कागदावर 6.5 चा आकडा काढून त्याभोवती गोल केला आणि म्हणाले, ‘ही वेस. अजून अलीकडे आहात.’ यांचाही रक्तदाब दोन वेळा वरच निघाला. यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, दिवसभर एका स्टुलावर बसायचं काम. घरी येताना हे एवढंच म्हणाले, ‘मोटर बंद ठेवली की गंजते.’

रमजान ईदनंतर सुरुवात केली. फज्रची नमाज झाली की दोघं बाहेर. पहिले पंधरा दिवस प्रीतिसंगमावर नुसतं चालणं, मग एक खांब पळणं आणि दोन खांब चालणं, मग उलट. जूनमध्ये रविवारी आगाशिवाचा डोंगर. तिथल्या पायऱ्या चढून लेण्यांपाशी पोहोचलो की खाली कृष्णा-कोयना दिसायच्या आणि पोटऱ्या पेटलेल्या असायच्या. चढाची सवय चढावरच होते, दुसरा उपाय नाही.

लोक बोललेच. गल्लीतल्या एक आपा दारातूनच म्हणाल्या, ‘इस उमर में भागने का क्या है गे? घर में काम कम पड़े क्या?’ शाळेच्या स्टाफरूममध्येही हसणं झालं. यांनी मात्र एका वाक्यात वाद मिटवला. अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे. एका प्रवासात अल्लाहचे प्रेषित (स.) हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावले आणि त्या पुढे गेल्या. पुढे काही काळाने त्यांचं अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि ही त्या पहिल्या शर्यतीची फेड, असं म्हणाले. यांनी ती आपांच्या दारातच सांगितली आणि विचारलं, ‘सुन्नत फक्त मिस्वाकची आहे का?’ आपा आत गेल्या. आमच्या समाजात नवरा-बायकोने मिळून करायच्या सुन्नतींची यादी फार लवकर संपते, असं आम्हाला कायम वाटत आलंय.

भगिनी कपड्यांचं विचारतात म्हणून सांगतो. सुती ओढणी पावसात भिजून मानेला ओढते, तिचा उपयोग नाही. पातळ, लवकर वाळणाऱ्या कापडाचा शिवलेला हिजाब, गुडघ्यापर्यंतचा पूर्ण बाह्यांचा सैल कुर्ता आणि ट्रॅकपँट. एवढ्यात सगळं झाकलं जातं आणि पायही मोकळे राहतात. कुर्ता गल्लीतल्या शिंप्याने शिवला. खर्च झाला तो बुटांवर, आणि तिथे काटकसर करू नये. उतारावर अंगठ्याचं नख बुटाला धडकतं, म्हणून अर्धा नंबर मोठाच घ्यावा.

आदल्या रात्री साताऱ्यात सदर बाजारात खालांकडे मुक्काम केला. खालांनी बिर्याणी केली होती; आम्ही दोन घास खाऊन वरण-भात मागितला, त्याचा त्यांना अजून राग आहे. पहाटे नमाज पढून निघालो. बारीक पाऊस होता. छातीवर नंबराचा कागद, त्याच्या मागे वेळ मोजणारी चिप. गर्दी इतकी की पुढची माणसं निघाली तरी आमच्या रांगेला पाऊल उचलायला वेळ लागला.

शहरातले पहिले किलोमीटर लग्नाच्या वरातीसारखे गेले. ढोल, ताशे, गॅलरीतून टाळ्या, शाळेची मुलं हात पुढे करून उभी. समर्थ मंदिर मागे पडलं, रस्ता वर वळला आणि आवाज थांबला. घाटात फक्त बुटांचा चपचप आवाज आणि श्वास. डाव्या-उजव्या वळणांवर झऱ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं. एका वळणावर धुकं फाटलं तेव्हा खाली अख्खं सातारा दिसलं, आणि बाजूला अजिंक्यतारा पाठ करून बसलेल्या म्हशीसारखा शांत. कास तलावाचं पाणी याच डोंगरावरून आपल्या उताराने शहरात जातं. पाणी ज्या वाटेने खाली जातं तिने आम्ही वर चाललो होतो, तेव्हा धाप लागणारच!

घाटात आम्ही ठरवूनच पळालो नाही. झपझप चाललो. पुष्कळ तरुण मुलं सुरुवातीला पळत पुढे गेली आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर कंबरेवर हात ठेवून उभी दिसली. माथ्यावर यवतेश्वर गाव आलं तसं वारं अंगावर आलं. कडेला सोनकीची पिवळी फुलं आणि तेरड्याचे गुलाबी पट्टे. गावातल्या बायका डोक्यावर इरलं घेऊन बघत उभ्या होत्या. एकीने आमच्या हिजाबाकडे पाहिलं, मग यांच्याकडे, आणि ओरडली, ‘बाई फुडं हाय, दाजी मागं!’ सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो आणि पुढचा चढ जाणवला नाही.

परतीची खूण ओलांडून वळलो. केळं, मिठाचं पाणी, उकडलेल्या बटाट्याची मीठ लावलेली फोड. पुढे उतार लागला की सोपं, असं वाटत असतं, तसं नसतं. चढावर छातीची परीक्षा, उतारावर मांड्यांची. चौदा किलोमीटरनंतर यांच्या पोटरीत गोळा आला. रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसले, चेहरा पांढरा. एका स्वयंसेवक पोराने पाय सरळ करून पंजा वर दाबला, स्प्रे मारला. शर्यतीला वेळेची मुदत असते, त्यानंतर वेळ धरत नाहीत. हे म्हणाले, ‘तू जा. दोघांचं नाव वाया घालवू नको.’ मागून येणारे पुढे चालले होते, मागे जागा मोकळी दिसू लागली होती.

आम्ही गेलो नाही. यात त्याग वगैरे काही नव्हता. सहा महिने रोज पहाटे ज्याने दाराची कडी आधी काढली, त्याला घाटात सोडून मेडल घरी नेलं असतं तर ते खिळ्याला टांगायचं कसं? पाच मिनिटांनी हे उठले. कराडचाच हिशोब काढला: एक खांब चालायचं, एक खांब पळायचं. वळणावर खांब नसेल तर झाड मोजायचं. घाट संपेपर्यंत यांचा हात आमच्या खांद्यावर होता, आणि शहर लागल्यावर लोक बघतात म्हणून यांनी तो काढला.

3 तास 11 मिनिटं. मुदतीच्या आत. अल्हमदुलिल्लाह! गळ्यात मेडल पडलं तेव्हा पाऊस पुन्हा सुरू झाला होता. कंदी पेढे घेतले, सगळे दुसऱ्यांसाठी. एस.टी.च्या पायऱ्या चढताना दोघांनीही दांड्याला धरून अंग वर ओढलं, कंडक्टरने बेल मारायची थांबवली.

तीन महिन्यांनी साखर 5.8 आली. यांचा रक्तदाब गोळीशिवाय बरा आहे, पण गोळी चालूच ठेवा म्हणून सांगितलंय. शाळेत सातवीच्या मुली मैदानाला फेऱ्या मारून किलोमीटर मोजायला लागल्यात. उर्दूच्या तासाला त्यांचा श्वास लागलेला असतो आणि आम्ही काही बोलत नाही.

अम्मीला मेडल नेऊन दिलं. तिने ते अंगठ्याने चाचपलं आणि विचारलं, ‘सफा ते मरवा, सात फेऱ्या मिळून किती होतं गं?’

‘तीन किलोमीटरच्या थोडं वर.’

ती बोटांवर मोजत राहिली. ‘म्हणजे सात सई झाल्या तुमच्या, जवळजवळ.’

मग म्हणाली, बूट दाखव. हातात घेऊन तळवा दाबून पाहिला, किंमत विचारली, आणि नव्या सुनेच्या पायाचा नंबर काय आहे ते माहीत आहे का, असं विचारलं.